तेल कमी नाही

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. सकाळचे साडेआठ. जागा: डॅमचा काठ, मुरूम टाकलेला उतार.

हजर: मिस्त्री, म्हणजे माझा मोठा भाऊ. बोट चालवणारे काका. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. सोसायटीची कारकून, म्हणजे मी. गैरहजर कोणी नाही.

गेल्या वर्षीची ही नोंद माझ्याच अक्षरात आहे. काम सुरू होण्याआधी वेळ आणि हजेरी लिहून घ्यायची, ही नोकरी लागल्यापासूनची सवय. घरीही मी तशीच. सौंसरहून पांढुर्ण्याला जाताना पिशवीत काय काय टाकलं याची चिठ्ठी पिशवीतच असते. दादा हसायचा. म्हणायचा, "बाई, मी मेलो त तू आधी हजेरी घेशील." त्याच्या पुण्यानुमोदनाला विहारात कोण कोण आलं, कुठून आलं, ते मी खरंच लिहून घेतलं. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

त्या रविवारी एकच गोष्ट ठरायची होती: बोटीच्या गिअरमध्ये पाणी कुठून गेलं. ते दादानं वर्षभरापूर्वी बसवलेल्या सीलमधून गेलं असेल, तर त्याचा हात पुन्हा बोटीला लागणार नव्हता. अध्यक्षांनी हे आदल्या दिवशी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं आणि मी ते जसंच्या तसं दादाला सांगितलं होतं. तो म्हणाला, "म्हणू दे ना त्यायले. आधी सील त पाहू."

बोटीबद्दल थोडं सांगते. ही बोट आमच्या भागातली नव्हे. पर्यटनासाठी म्हणून कुणीतरी मोठ्या डॅमवरून जुनी आणली, दोन हंगाम वाट पाहिली, पर्यटक आले नाहीत, आणि बोट सोसायटीकडे आली. तेव्हापासून ती पलीकडच्या वस्तीवरची माणसं, संत्र्याचे क्रेट आणि जाळी ने-आण करते. रस्त्यानं वळसा घालून जायला अर्धा दिवस जातो. बोटीचं इंजिन आत असतं, गाडीसारखं. पण मागे, बाहेरच्या बाजूला, एक लोखंडी पाय पाण्यात लोंबतो. पायाच्या टोकाला पंखा. पायाच्या आत गिअर, आणि गिअर जाड तेलात बुडालेले. बाहेर सगळीकडे पाणी, आत तेल, आणि दोघांच्या मध्ये पंख्याच्या शाफ्टभोवती रबराचं एक कडं. तेच सील.

दादा बोटीचा मिस्त्री नव्हता. पांढुर्ण्याला, जाम नदीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान. ऑइल इंजिन, ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स, फवारणीचे पंप. मग शेतातल्या विहिरींवर विजेचे पंप बसले, नवे ट्रॅक्टर शोरूमला जाऊ लागले, आणि दादाचं शटर अर्ध्यावर राहू लागलं. अर्धं शटर म्हणजे मिस्त्री आत आहे, पण काम नाही. अशात बोट आली. त्यानं तो पाय उतरवून टेम्पोत घालून दुकानात नेला, फरशीवर खडूनं त्याचं चित्र काढलं, आणि प्रत्येक भाग काढला की त्या चित्रावर त्या जागी ठेवला. वहिनी जेवायला बोलवायला आली तर तिला दारातच थांबवलं. "पाय देऊ नको तिथं. थे गिअर हायेत." वहिनी म्हणाली, "घरात कधी एवढं जपून पाय ठेवला नाही तुम्ही." त्या महिन्यात दादा दहा वर्षांनी लहान दिसत होता. शटर पूर्ण वर.

दुकानाची त्याची एक रीत होती. खराब झालेला भाग तो फेकत नसे. तारेनं त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचा. चिठ्ठीवर दोन गोष्टी: कोणत्या यंत्राचा, आणि काऊन गेला. "बेअरिंग, अमुक गावचं इंजिन, ग्रीस नाही." "गिअर, लाल ट्रॅक्टर, नदीतून काढला." खिळ्यांवर लटकलेल्या अशा चिठ्ठ्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर ओळीनं होत्या. गिऱ्हाइकाला राग येऊ नये म्हणून तो तोंडावर काहीही सांगे, "जुनं झालं होतं, चालते असं." चिठ्ठीवर मात्र खरं लिहायचा.

सील बसवून बोट पाण्यात उतरली तेव्हा दादानं मला इंजिनाशेजारची प्लास्टिकची पांढरी टाकी दाखवली. लोट्याएवढी असेल. तिच्यातून एक नळी मागच्या पायात जाते. पायातल्या तेलाची पातळी या टाकीत दिसते. तिच्यावर दोन रेषा, एक खालची, एक वरची. "दर रविवारी पाह्य आणि लिहून ठेव," तो म्हणाला. "तुझ्यासारखं कोणी लिहीत नाही."

त्याच संध्याकाळी मी नवं रजिस्टर आखलं. रकाने: तारीख. तेलाची पातळी. तेल कमी झालं का. टाकावं लागलं का. शेरा. सही.

आमच्याकडे तेलाची एकच काळजी असते. वडिलांचं ऑइल इंजिन होतं, ते तेल खायचं. मामाचा ट्रॅक्टर तेल गाळायचा. तेल उतरलं की ओरडा, तेल आहे तिथे आहे तर सगळं ठीक. मी तो रकाना आखताना क्षणभरही थांबले नाही.

आता त्या गुरुवाराचं. बोट अर्ध्या डॅमवर असताना मागून दळणाच्या चक्कीसारखा आवाज आला आणि पंखा थांबला. बोटीत सहा माणसं आणि संत्र्याचे क्रेट. काकांनी फळीनं वल्हवत बोट काठाला आणली. कोणाला काही झालं नाही. एका आजीनं उतरताना काकांना सांगितलं, "पुढच्या वेळी चालतच येईन, बापा. तुह्या बोटीपेक्षा माहे गुडघे बरे." काका तीन दिवस ते सगळ्यांना सांगत होते.

रविवारी दादा पहिल्या बसनं आला. सौंसरच्या स्टँडवरून त्याला मी स्कूटरवर घेतलं. मांडीवर हत्यारांची पेटी, पिशवीत हवेचा पंप, आणि मी घरून आणलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आमचा टिचलेला तवा.

तव्याचं सांगायला हवं. तेलात पाणी आहे की नाही हे दादा तव्यावर पाहायचा. तवा तापवायचा, तेलाचा एक थेंब सोडायचा. निव्वळ तेल असेल तर ते पसरतं, धुरावतं, गप्प राहतं. पाणी असेल तर तडतडतं. फार वर्षांपूर्वी त्यानं हे माझ्या स्वयंपाकघरात ट्रॅक्टरच्या तेलावर करून दाखवलं होतं, माझ्या पोळीच्या तव्यावर. तीन दिवस पोळ्यांना वास. तेव्हापासून एक टिचलेला तवा वेगळा टांगलेला असे, आणि त्याला लागला की तो मागून नेई.

काठावर बोट उतारावर ओढून ठेवली होती. दादानं पायाखाली परात ठेवली, गुडघ्यावर बसला आणि तळाचा बोल्ट हळूच सैल केला. आधी नुसतं पाणी आलं. चांगलं ग्लासभर. पाणी जड, ते तळाला बसतं, हे त्यानं मला न बोलता बोटानं दाखवलं. मग जे आलं ते दुधाळ होतं, घट्ट.

अध्यक्ष वाकून पाहत होते. "मिस्त्री, हे काय? तेलात दूध टाकून दिलं होतं का?"

काका म्हणाले, "चहापत्ती द्या बाई, चहाच करून टाकू. तेवढीच सोसायटीची बचत."

दादा हसला नाही. बोल्टच्या टोकाला चुंबक असतं, त्यावर लोखंडाचा बारीक कीस दाढीसारखा चिकटला होता. त्यानं तो अंगठ्यानं पुसला, दोन बोटांत चोळून पाहिला आणि मला म्हणाला, "लिही. गिअर खाल्ले." मी लिहिलं.

काकांच्या चुलीवर तवा चढला. थेंब पडला आणि तडतडला. दुसरा थेंब टाकायची गरज नव्हती, तरी त्यानं टाकला. तोही तडतडला. मग एका काचेच्या बाटलीत नमुना भरून त्यानं ती दगडावर सावलीत ठेवली. "दुपारपर्यंत हात लावू नका. किती पाणी हाय थे तीच सांगते."

पुढचं काम जागा शोधण्याचं. पाणी आत गेलं म्हणजे कुठूनतरी वाट आहे. पाय रिकामा झाल्यावर त्यानं बोल्टच्या भोकाला नळी लावली, पंपानं थोडी हवा भरली, आणि मला साबणाचं पाणी करायला सांगितलं. मी ब्रशनं प्रत्येक सांध्यावर फेस लावत गेले. वरचा जोड, काही नाही. गिअर बदलायची दांडी, काही नाही. बोल्टांचे वायसर, काही नाही. पंख्याच्या मुळाशी फेस लावला आणि तिथे बुडबुडे आले, एकामागून एक, संथ.

"झालं ना मग," अध्यक्ष म्हणाले. "तुमचंच सील."

"सील गेलं," दादा म्हणाला. "काऊन गेलं थे पाहू द्या."

अध्यक्षांना तेवढ्यात फोन आला आणि ते बोलत बोलत वर रस्त्याकडे गेले. काका चहाचं दूध आणायला गेले. दादानं पंख्याचा नट सोडवला, पंखा ओढून काढला, माझ्या हातात दिला. मी तो कपड्यावर ठेवला. तो पुढे वाकला, शाफ्टच्या मागे बोट घातलं आणि तसाच थांबला. बराच वेळ. मला वाटलं, कमरेत उसण भरली.

"काय झालं?"

"काही नाही. बाई, थे तेलाचं रजिस्टर आण."

रजिस्टर वर ऑफिसच्या खोलीत होतं. मी गेले, कुलूप काढलं, रजिस्टर घेतलं, कुलूप लावलं, आले. पाच मिनिटं लागली असतील. परत आले तेव्हा सील निघालेलं होतं आणि दादा चिंधीला हात पुसत होता. त्यानं रजिस्टर गुडघ्यावर घेतलं आणि पानं उलटली. मी म्हटलं, "हात तर नीट पूस." त्याचं लक्ष नव्हतं. एका पानावर तो अडकला. मग त्यानं रजिस्टर मिटलं आणि मला परत दिलं, दोन्ही हातांनी, जसं कुणी ताट देतं.

"किती छान लिहिलं हाय," तो म्हणाला.

अध्यक्ष खाली आले. दादा उठून उभा राहिला. "साहेब, सील माह्यंच खराब होतं. बसवतानाच तिरपं बसलं असन. चूक माही."

"दाखवा पाहू."

"फाटलं. त्यात काय पाहता."

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. त्यांनाही ते ऐकून बरं वाटलं नाही असं दिसलं. पण ते म्हणाले, "मग ठरल्याप्रमाणे. नागपूरचा माणूस बोलावू आपण." दादा म्हणाला, "बोलवा." काका दुधाची पिशवी घेऊन आले ते कोणाच्याही तोंडाकडे न पाहता चुलीपाशी बसले. दगडावरच्या बाटलीत आता तळाला पाण्याचा थर वेगळा दिसत होता, बोटभर, त्याच्यावर राखाडी साय आणि सगळ्यात वर थोडंसं तेल. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. मी ती उचलून कपाटात ठेवली, कारण नमुना ठेवायचा असतो.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा झाली. ठराव मी लिहिला, सभेचं इतिवृत्त मीच लिहिते. "मिस्त्री यांनी बसविलेले सील सदोष असल्यामुळे गिअरमध्ये पाणी जाऊन नुकसान झाले. यापुढे बोटीचे काम त्यांच्याकडे देऊ नये. सर्वानुमते मंजूर." सुवाच्य अक्षर. खाडाखोड नाही.

माझी नेमणूक मार्च ते मार्च असते. मार्चमध्ये ती पुढच्या वर्षासाठी वाढली. शेऱ्यात "काम नीटनेटके" असं होतं. मी दादाला फोन करून ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग. बहीण कोणाची हाय."

उन्हाळ्यात मी दोनदा पांढुर्ण्याला गेले. शटर अर्ध्यावर. दादा नटबोल्ट मापाप्रमाणे डब्यांत लावत होता. ते आधीच लावलेले होते, तो ते ओतून पुन्हा लावत होता. वहिनी मला मागच्या दारी म्हणाली, "रविवार आला का त्यायले घर खाते. सकाळीच आंघोळ करून बसतात. बसची वेळ झाली का घड्याळ पाहतात." मी म्हटलं, दुसरं काम पाहू काही. तिनं मान हलवली.

गोटमारीच्या दिवशी दादा दुकान बंद करून नेहमी माझ्याकडे सौंसरला यायचा. सावरगाव आणि पांढुर्ण्याच्या मध्ये नदीत जी दगडफेक चालते तिच्यात त्याला लहानपणी एकदा लागलं होतं, कपाळावर खूण होती. गेल्या वर्षीही आला. पोळ्याच्या उरलेल्या करंज्या घेऊन. जेवण झाल्यावर ओसरीत बसलो, तेव्हा त्यानं विचारलं, "बोट कशी चालून राहिली?"

"बरी चालते. नागपूरचा माणूस दोनदा येऊन गेला."

"टाकी पाहतं ना?"

"दर रविवारी."

"नुसतं कमी झालं का थे नको पाहू. वर चढलं तरी सांगजो त्याले. लगेच. आणि रंग पाह्य. टाकीत तेल वाढत नसते बाई, तेल कुठून येईन? वाढलं म्हणजे पाणी."

मी उठून डायरी आणली आणि लिहून घेतलं. तो पाहत होता. पुढच्या रविवारी मी रजिस्टरात दोन नवे रकाने आखले: तेल वाढलं का, रंग बदलला का. जुनी पानं उलटून पाहिली नाहीत. ती त्याच रजिस्टरात, चार पानं मागे होती. का पाहिली नाहीत, हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी, चहाचा कप हातात असताना दादा गेला. वहिनी बशी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

नोव्हेंबरमध्ये वहिनीनं मला बोलावलं. दुकानाची जागा सोडायची होती. हत्यारं कोणाकोणाला द्यायची त्याआधी यादी हवी होती. "तुमच्याशिवाय कोण करन," ती म्हणाली. शटर मी पूर्ण वर केलं. वहिनी स्टुलावर बसून एकेक वस्तू सांगायची, मी लिहायची. पाने, अकरा. हातोड्या, चार. पुलर, दोन. भिंतीवरचे चिठ्ठ्यांचे भाग ती तसेच ठेवा म्हणाली, पण मी म्हटलं, जागा सोडायची तर उतरवावे लागतील. उतरवले. प्रत्येक चिठ्ठी वाचली आणि लिहिली. त्याचं अक्षर मोठं, शाळकरी.

हत्यारांच्या पेटीत तळाला सुपारीची एक डबी होती. तिच्यात रबराचं सील, एका जागी कापल्यासारखी खाच. आणि हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचं वेटोळं, गरम होऊन कडक झालेलं, कड्याचा आकार धरून राहिलेलं. दोन्ही मिळून एका तारेत, तारेला चिठ्ठी.

"काय लिहिलं हाय?" वहिनीनं विचारलं.

"डॅमची बोट. जाळ्याचा दोरा."

"म्हणजे?"

"जाळ्याचा दोरा पंख्यामागे गुंडाळला गेला. त्यानं सील कापलं."

वहिनीनं डबी हातात घेतली. "मग हे त सोताची चूक सांगत होते. जेवताना सांगतलं मले, माह्या हातून तिरपं बसलं म्हणून." मग म्हणाली, "तेव्हा संगं कोण होतं? बोटीचे काका होते ना? त्यायले माहीत असन."

"विचारते," मी म्हटलं.

"बरं. लिहा मग यादीत."

मी लिहिलं. डबी, एक. सील, एक. दोरा, एक.

दुसऱ्या दिवशी डॅमवर गेल्यावर मी रजिस्टर काढलं. कोणतं पान ते शोधावं लागलं नाही. दादाच्या अंगठ्याचा ठसा तिथे होता, दुधाळ तेलाचा, आता वाळून पिवळा झालेला. त्या दिवशी मी त्यावर टाल्कम पावडर टाकून तो काढायचा प्रयत्न केला होता, पान खराब झालं म्हणून मनातल्या मनात चिडलेही होते. ठसा शेवटच्या तीन ओळींच्या शेजारी होता. आधीच्या रविवारांपासून वाचत आले. "खालच्या रेषेच्या थोडी वर. कमी नाही." "मधोमध. कमी नाही." "मधोमधच्या वर. कमी नाही." "वरच्या रेषेला लागून. कमी नाही." ठसा इथून सुरू होत होता. "वरच्या रेषेच्या वर. कमी नाही." "वरच्या रेषेच्या वर. कमी नाही. टाकावे लागले नाही." प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण, प्रत्येकीखाली माझी सही. शेवटच्या रविवारी शेऱ्यात मी लिहिलं होतं, "तेलाचा रंग फिकट, स्वच्छ."

काही ओळी दोनदा तशाच, सगळे मिळून नऊ रविवार. दोरा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अडकला असणार. तेव्हाच कळलं असतं तर एक सील आणि नवं तेल, दुपारपर्यंत बोट पुन्हा पाण्यात. पाणी गिअर खात होतं आणि मी ते दर रविवारी लिहून घेत होते.

दोरा दाखवला असता तर दादा सुटला असता. सील चांगलं होतं, जाळ्यानं कापलं, इतकंच. पण अध्यक्षांनी पुढचा प्रश्न लगेच विचारला असता: मग हे कोणाला दिसलं कसं नाही, दर आठवड्याला कोण पाहत होतं? शाफ्टमागे बोट घालून तो थांबला तेव्हा त्याला हा प्रश्न दिसला असणार. रजिस्टर मागितलं ते खात्री करायला. मला वर पाठवलं ते कदाचित दोरा खिशात टाकायला. माझ्या नेमणुकीचा मार्च दोन-तीन आठवड्यांवर होता.

काकांना मी विचारलं. ते म्हणाले, "मी दूध आणून राहिलो होतो बाई. पण मिस्त्रीचं सील तिरपं बसलं असं मले त्या दिवशीच पटलं नव्हतं. फरशीवर चित्र काढणारा माणूस." मग जाळं नीट करत म्हणाले, "जाळी त आमचीच. दोरा आमचाच असन." त्यांनी त्यांच्या वाट्याचं उचललं, इतक्या सहज. मी उभी होते तिथेच, आणि रजिस्टराबद्दल त्यांना काही सांगितलं नाही.

दुरुस्तीचा मजकूर मी त्याच आठवड्यात लिहिला. तीन ओळी. "मागील ठरावात मिस्त्री यांच्या कामाबाबत नोंद चुकीची आहे. सील जाळ्याच्या दोऱ्याने कापले गेले. पाणी शिरल्याची खूण रजिस्टरात नऊ आठवडे होती, ती कारकुनाच्या लक्षात आली नाही." सोबत डबी ठेवायची. वहिनीलाही बोलवायचं, म्हणजे तिला तिथेच कळेल.

सभा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असते. डिसेंबरमध्ये सभासद कमी आले, सभा झाली नाही. जानेवारीत माझा विषय अकरावा होता, सभा दहाव्यावर संपली. विषयांचा क्रम मीच लावते. फेब्रुवारीत सगळे हजर होते. सगळे विषय झाले. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, "आणखी काही?" मजकूर माझ्या फाईलमध्ये वरच होता. मी म्हटलं, "नाही."

आज रविवार. सकाळी टाकी पाहिली. पातळी मधोमध, कमी नाही, वाढ नाही, रंग मधासारखा. नागपूरचा माणूस चांगलं काम करतो. काचेची बाटली अजून कपाटात आहे. वर्षभरात तिच्यातलं तेल आणि पाणी पूर्ण वेगळं झालं आहे, मधली सायही आता राहिली नाही.

उद्या मार्चचा पहिला सोमवार. यादी केली आहे.

१. चहाला साखर, कप बारा.
२. हजेरीपत्रक, नवीन पान.
३. नेमणूक वाढवण्याचा अर्ज, दोन प्रती.
४. दुरुस्ती वाचणे. डबी सोबत नेणे. वहिनीला सकाळच्या बसनं बोलावणे.

साखर आणली. पान आखून झालं. अर्जाच्या प्रती फाईलमध्ये लावल्या. वहिनीला फोन केलेला नाही.